किराळ लागते तेव्हा पेशीत काय घडते

रब्बीची ज्वारी काढून झाली, कडब्याच्या गंजी रचल्या गेल्या आणि शेतात नुसती धसकटे उरली, की मार्च-एप्रिलमधली एखादी अवकाळी सर त्या धसकटांना पुन्हा जाग आणते. आठ-दहा दिवसांत वीतभर उंचीचे हिरवेगार फुटवे वर येतात. सगळे शिवार करडे पडलेले असताना एवढे कोवळे हिरवे दिसले, की दाव्यातून सुटलेले जनावर तिकडे धावणारच. पुढचा प्रकार परभणी-बीडकडच्या जुन्या शेतकऱ्यांना सांगावा लागत नाही. थोड्याच वेळात गाय लडखडू लागते, तोंडाला फेस येतो, धाप लागते आणि ती मान टाकून कोसळते. जमलेली माणसे सर्पदंश की पोटफुगी असा वाद घालत असतानाच एखादा म्हातारा त्या फुटव्यांकडे बोट दाखवून म्हणतो, "किराळ लागली."

माझ्या लहानपणी आमच्या घरच्या एका लाल कंधारी कालवडीला अशीच किराळ लागली होती आणि तालुक्याहून डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती. त्यांनी तपासणीसाठी तिचे रक्त काढले, तेव्हा ते कुंकवासारखे लालभडक होते. गुदमरून मेलेल्या जनावराचे रक्त काळपट असते हे आम्हाला ठाऊक होते, म्हणून वडिलांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, रक्त तर चांगलं दिसतंय, मग गेली कशानं?" डॉक्टरांनी उत्तर दिले, "रक्तात ऑक्सिजन भरपूर होता, दादा. तिला तो वापरता आला नाही." त्या वाक्याचा अर्थ मला पुढे रसायनशास्त्र शिकताना उलगडला. रासायनिक संयुगे प्राण्यांच्या पेशींतील ऑक्सिडीकरणावर आणि ते घडवणाऱ्या विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, कसा परिणाम करतात, हे समजून घ्यायला आजही मला त्या कालवडीच्या रक्ताइतके चांगले दुसरे उदाहरण सुचत नाही.

ऑक्सिडीकरण म्हटले की आपल्यासमोर गंजलेला नांगराचा फाळ येतो किंवा चुलीतले जळणारे लाकूड येते. अठराव्या शतकात, १७८२-८३ च्या सुमारास, लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून त्याच्या शरीराच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, असा निष्कर्ष काढला. तो बरोबर होता, पण त्यातला 'मंद' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा ठरला. रसायनशास्त्राच्या भाषेत ऑक्सिडीकरण म्हणजे एखाद्या पदार्थाने इलेक्ट्रॉन गमावणे, आणि जो ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो त्याचे होते क्षपण. लाकूड जळते तेव्हा त्याचे इलेक्ट्रॉन एका झटक्यात ऑक्सिजनकडे जातात आणि सगळी ऊर्जा ज्वाळेत निघून जाते. पेशी मात्र भाकरीतून आलेल्या ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन एकेका विकराच्या हातून, पायरी-पायरीने खाली उतरवते आणि अगदी शेवटच्या पायरीवर ऑक्सिजनच्या स्वाधीन करते. या उताराची एकूण उंची विजेच्या मापात सांगायची तर सुमारे १.१४ व्होल्ट आहे, म्हणजे टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलपेक्षाही थोडी कमी. एवढ्याशा उतारावर बैलाने नांगर ओढायचा असतो आणि आपण हा लेख वाचायचा असतो.

ही देवघेव पेशीतील तंतुकणिकांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांच्या, आतल्या पटलावर चालते. तिचे चित्र डोळ्यांसमोर आणायला पैठणच्या जायकवाडीकडे पाहावे. तिथले १२ मेगावॉटचे वीजगृह उलट-सुलट चालणारे आहे: पाणी खाली सोडताना संच वीज तयार करतो आणि तोच संच पंप होऊन खालचे पाणी पुन्हा जलाशयात चढवू शकतो. तंतुकणिकेतही असाच व्यवहार आहे. इलेक्ट्रॉन पायऱ्या उतरताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर पटलातले पंप चालतात आणि ते हायड्रोजनचे धनभारित कण पटलाच्या एका बाजूला चढवून साठवतात. हा साठा मग एका फिरत्या विकरातून, जणू टर्बाइनमधून, परत खाली येतो आणि त्या फिरण्यातून एटीपी हा पेशीचा ऊर्जेचा चलनी पदार्थ तयार होतो. पीटर मिशेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा अनेकांना ती विचित्र वाटली. १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. हा टर्बाइनसारखा विकरही जायकवाडीच्या संचाप्रमाणे उलटा फिरू शकतो, हे साम्य मला फार आवडते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून या व्यवस्थेमुळे साधारण ३० ते ३२ एटीपी मिळतात. ऑक्सिजनचा वापर न करता भागवायचे ठरवले, तर मिळतात फक्त २.

आता या व्यवस्थेत घोटाळा कुठे कुठे होऊ शकतो, याचा विचार करावा. पंपांची वीज तुटू शकते, जलाशयाच्या भिंतीला भगदाड पडू शकते, टर्बाइन अडकू शकते, किंवा इलेक्ट्रॉन वाटेतच भलत्या जागी सांडू शकतात. बाहेरून आत आलेली संयुगे यांतले काहीही करू शकतात, आणि चारही बाबतींत जनावर किंवा माणूस 'विषबाधेने' मेला असेच कागदावर लिहिले जाते. परंतु लक्षणे वेगळी असतात, उतारा वेगळा असतो, आणि एका विषाचा उतारा दुसऱ्या विषात प्राण घेऊ शकतो.

किराळीत तुटते ती शेवटच्या टोकाची तार. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या स्वाधीन करणाऱ्या अखेरच्या विकराचे नाव सायटोक्रोम सी ऑक्सिडेज. सायटोक्रोम म्हणजे पेशीतला रंग. मॅकमन नावाच्या इंग्लंडमधील एका डॉक्टरने १८८० च्या दशकातच स्नायूंतील हे रंगद्रव्य वर्णपटदर्शकातून पाहिले होते, पण तेव्हाच्या मातब्बरांनी त्याला खोडून काढले. पुढे १९२५ मध्ये केंब्रिजमधील कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड कीलिन यांनी कीटकांच्या पंखांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये तेच गडद पट्टे पुन्हा पाहिले. हवा मिळाली की पट्टे नाहीसे होतात, हवा तोडली की परत उमटतात आणि सायनाइड घातले तर हवा देऊनही ते जात नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे ऑक्सिजन दारात उभा असूनही इलेक्ट्रॉन त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते. त्याच काळात जर्मनीत ओटो वारबुर्ग या शेवटच्या विकराचा शोध घेत होते आणि १९३१ चे नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळाले. या विकराच्या गाभ्यात लोहाचा एक अणू आहे, आणि सायनाइड नेमके त्या लोहाला, ते तीन धनभारांच्या अवस्थेत असताना, जाऊन चिकटते. शेवटची तार तुटली की मागचे सगळे पंप थांबतात. रक्त ऑक्सिजन घेऊन पेशीच्या दाराशी येते आणि तो कोणीच घेत नाही म्हणून जवळजवळ तसेच परत फिरते. कालवडीच्या शिरांतले रक्त लालभडक का होते, याचे उत्तर एवढेच आहे.

ज्वारीत सायनाइड आले कुठून, हा प्रश्न लगेच पडतो, कारण आपण तीच भाकरी खातो. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचे संयुग असते. ते स्वतः फारसे विषारी नाही. त्यात सायनाइड साखरेच्या रेणूशी बांधलेले असते. ते बंधन तोडणारा विकरही त्याच पानात असतो, पण झाडाने दोघांना वेगवेगळ्या पेशींत ठेवलेले असते, जसे शहाण्या घरात काडेपेटी आणि रॉकेल वेगळ्या फडताळात ठेवतात. पान चावले, चेंगरले किंवा पाण्याविना सुकून त्याच्या पेशी फुटल्या, की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटते. झाडाच्या दृष्टीने ही कीड आणि जनावरे यांच्यापासून कोवळ्या अंगाची राखण आहे. कणसे येईपर्यंत, म्हणजे झाडाला फुलोरा आल्यावर, धुरिनचे प्रमाण बरेच उतरते आणि पिकलेल्या दाण्यात ते चिंता करण्याजोगे राहत नाही. उलट पावसाचा खंड पडून ज्वारी गुडघ्याएवढीच खुंटली, किंवा खंडानंतर एकाएकी नवे पोंगे फुटले, तर ते प्रमाण वाढते. मराठवाड्यात पावसाचा खंड ही काही नवलाची गोष्ट नाही.

याबाबतीत रवंथ करणाऱ्या जनावरांचे नशीब घोड्यापेक्षा वाईट. घोड्याच्या जठरातील आम्लात पानातला तो विकर निकामी होतो. गाई-म्हशींचे पहिले मोठे पोट मात्र जवळपास उदासीन असते आणि त्यातले सूक्ष्मजीव स्वतःचाही विकर पुरवून धुरिन भराभर फोडतात. ज्या सूक्ष्मजीवांमुळे गाय वाळलेल्या कडब्याचे दूध करते, तेच येथे घात करतात. आकडा डोळ्यांसमोर ठेवायचा तर सायनाइडची घातक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण २ मिलिग्रॅमच्या आसपास धरली जाते, म्हणजे ३०० किलोच्या गाईला ६०० मिलिग्रॅम. दर किलो हिरव्या चाऱ्यात २०० मिलिग्रॅम सायनाइड असेल, तर तो चारा धोक्याचा मानतात. अशा चाऱ्याचे ३ किलो पोटात गेले की हिशेब पूर्ण होतो, आणि भुकेल्या गाईला ३ किलो म्हणजे काहीच नाही. तरीही हाच चारा दिवसभरात थोडा थोडा खाल्ला, तर ती वाचू शकते. यकृतातील ऱ्होडनेज हा विकर सायनाइडला गंधकाचा अणू जोडून त्याचे थायोसायनेट बनवतो आणि ते लघवीवाटे निघून जाते. त्याला हवा असतो वेळ आणि गंधक. म्हणूनच जनावर उपाशीपोटी हिरव्या ज्वारीत सोडू नये, आधी कडबा घालावा, हा जुन्या माणसांचा नियम रसायनशास्त्राच्या कसोटीवर पूर्णपणे उतरतो.

उतारा या दोन्ही धाग्यांना धरून तयार झाला आहे. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटोग्राफरांचा हायपो, ऱ्होडनेजला गंधक पुरवते. दुसरे औषध सोडियम नायट्राइट, आणि त्याची युक्ती अधिक धाडसी आहे. ते रक्तातल्या काही हिमोग्लोबिनचे मुद्दाम ऑक्सिडीकरण करते, म्हणजे त्यातल्या लोहाचा आणखी एक इलेक्ट्रॉन काढून त्याला दोनाऐवजी तीन धनभारांच्या अवस्थेत नेते. असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही, पण सायनाइडला ओढून धरते, कारण त्याला हवे तसले लोह आता रक्तात मुबलक झालेले असते. तंतुकणिकेतले सायनाइड सुटून रक्तात येते आणि शेवटची तार पुन्हा जोडली जाते. माणसांसाठी आता हायड्रॉक्सोकोबालामिन हे ब-१२ जीवनसत्त्वाचे एक रूपही वापरतात, ज्यात सायनाइडला पकडणारा धातू कोबाल्ट असतो. काट्याने काटा काढण्याचा हा प्रकार प्रशिक्षित डॉक्टरांच्या हातीच शोभतो, कारण हे नायट्राइट स्वतःच एक विष आहे आणि आपल्या शिवारात त्याचीही वेगळी कहाणी आहे.

ज्वारी, मका किंवा बाजरी या पिकांना युरियाचा हात सढळ पडला आणि नंतर पाऊस रुसला, तर झाड मुळांवाटे नायट्रेट ओढत राहते, पण त्याची प्रथिने बनवू शकत नाही. ते नायट्रेट खोडात, विशेषतः बुंध्याकडच्या भागात, साचते. गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव नायट्रेटचे आधी नायट्राइट आणि मग अमोनिया करतात. माल बेताचा असेल तर हे सगळे सुरळीत होते आणि त्या अमोनियापासून ते प्रथिनेही बनवतात. लोंढा मोठा आला, तर मधले नायट्राइट तुंबते, रक्तात शिरते आणि वर सांगितलेलेच काम करते, फक्त कोणी मोजून न देता. हिमोग्लोबिनचे लोह ऑक्सिडीकृत होते, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते आणि रक्ताचा रंग चॉकलेटसारखा तपकिरी होतो. लहान बाळांच्या बाबतीत हेच विहिरीच्या पाण्यातून घडू शकते. बाळाच्या रक्तात हे लोह मूळ अवस्थेत परत आणणारा विकर अजून पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून बाळ निळे पडते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते.

खरी अडचण अशी, की अवर्षणात अडकलेल्या एकाच ज्वारीत सायनाइड आणि नायट्रेट दोन्ही वाढलेले असू शकतात. दोन्हींत जनावराला धाप लागते, ते लडखडते आणि पडते. नायट्रेटच्या बाधेवर मिथिलीन ब्ल्यू देतात, कारण ते पेशीतल्या इलेक्ट्रॉनांच्या मदतीने हिमोग्लोबिनचे लोह परत दोन धनभारांवर आणते. ज्या गाईचे निम्मे हिमोग्लोबिन नायट्राइटने आधीच निकामी केले आहे, तिला किराळ समजून सोडियम नायट्राइट टोचले, तर उरलेलेही जाईल. म्हणून अनुभवी पशुवैद्य आधी रक्ताचा रंग पाहतो: लालभडक की तपकिरी. आणि म्हणूनच दूरध्वनी करताना शेतकऱ्याने जनावराने काय खाल्ले, पीक केवढे होते, युरिया कधी टाकला आणि हिरड्या कशा दिसतात एवढे सांगितले, तर डॉक्टर योग्य औषध घेऊन निघतात. चारा वाळवण्याच्या बाबतीतही या दोन विषांचा स्वभाव उलट आहे. कडबा चांगला वाळला की हायड्रोसायनिक आम्ल बरेचसे उडून जाते, तर नायट्रेट वाळवल्याने जात नाही, ते कडब्यात तसेच राहते. मुरघास केल्यावर मात्र नायट्रेटही बऱ्यापैकी उतरते. संशय असेल तेव्हा ज्वारी बुंध्याशी न कापता वीतभर वरून कापावी, ही सूचनाही नायट्रेट खालच्या खोडात साचते म्हणूनच दिली जाते.

शेवटची तार तोडणारे सायनाइड एकटे नाही. गटारात किंवा बायोगॅसच्या खड्ड्यात साचणारा हायड्रोजन सल्फाइड त्याच विकराला पकडतो. बंद खोलीत ठेवलेल्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः हिमोग्लोबिनला, ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. आणि धान्याच्या कणगीत टाकायच्या गोळ्यांतून ओलाव्याने सुटणारा फॉस्फिन वायू याच शेवटच्या विकरावर आणि पेशीतील इतरही ठिकाणी घाव घालतो. त्याला तर नेमका उतारा नाही, म्हणून त्या गोळ्या टाकलेल्या खोलीत कोणी झोपू नये.

भिंतीला भगदाड पाडणाऱ्या संयुगांचा प्रकार याच्या नेमका उलटा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल हाताळणारे कामगार घामाघूम होत, वाळत आणि काही जण तापाने मरत. हे संयुग हायड्रोजनचे कण पाठीवर घेऊन पटलाच्या आरपार ये-जा करते. मग टर्बाइनला वळसा घालून सगळा साठा गळून जातो. पंप जिवाच्या आकांताने चालतात, ऑक्सिजनचा वापर वाढतो, चरबी जळते, पण एटीपी तयार होत नाही. सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे येथे ऑक्सिडीकरण कमी झालेले नसते, उलट बेभान वाढलेले असते, आणि तरीही पेशी उपाशी मरते. १९३३ मध्ये अमेरिकेत हेच संयुग वजन घटवण्याचे औषध म्हणून पुढे आले, कित्येकांनी ते घेतले, काही जणांना मोतीबिंदू झाला, काही जण अंगातल्या आगीने गेले आणि १९३८ मध्ये त्यावर बंदी आली. इंटरनेटवरून ते आजही विकले जाते, ही गोष्ट चीड आणणारी आहे. गंमत म्हणजे निसर्गाने हेच भगदाड मोजून-मापून वापरले आहे. डिसेंबरच्या गारठ्यात पहाटे जन्मलेले उस्मानाबादी शेळीचे करडू ओले असूनही गोठत नाही, कारण त्याच्या अंगातल्या तपकिरी चरबीच्या तंतुकणिकांत एक खास प्रथिन असते, आणि ते गरजेपुरतीच गळती उघडून ऊब तयार करते.

कापसाच्या फवारणीतील काही औषधे आपल्याला हीच यंत्रणा वेगळ्या नावाने भेटवतात. क्लोरफेनापायर हे कीटकनाशक स्वतः निरुपद्रवी वाटावे असे असते. किडीच्या किंवा प्राण्याच्या शरीरातील विकर त्याचे ऑक्सिडीकरण करतात तेव्हा त्यातून भगदाड पाडणारे संयुग तयार होते. म्हणूनच ते पोटात गेल्यावर माणूस पहिले काही दिवस बरा वाटू शकतो आणि नंतर एकाएकी ताप चढून ढासळतो. पांढऱ्या माशीसाठी वापरले जाणारे डायफेन्थियुरॉन उन्हात आणि शरीरात ऑक्सिडीकरण होऊन कार्बोडायइमाइड बनते आणि ते थेट टर्बाइनलाच अडकवते. जलाशय भरलेला, पंप दाबाखाली थबकलेले आणि वीज शून्य, अशी ती अवस्था. फवारणी करणाऱ्याने तोंडाला रुमाल गुंडाळून भागत नाही, हे गावागावांत सांगितले जाते. पण असली औषधे कातडीवाटेही आत जातात, हे मात्र पुरेसे सांगितले जात नाही असे मला वाटते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट पुढे येते: शरीराचे विकर बाहेरच्या संयुगाचे ऑक्सिडीकरण करतात ते बहुतेक वेळा त्याला पाण्यात विरघळण्याजोगे करून बाहेर काढण्यासाठी. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या विकरांच्या मोठ्या कुटुंबाचे कामच ते आहे. कार्बन मोनॉक्साइडबरोबर ते ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात म्हणून हे नाव. परंतु या विकरांना चांगले-वाईट कळत नाही. क्लोरपायरीफॉससारख्या कीटकनाशकातल्या गंधकाच्या जागी ते ऑक्सिजन बसवतात आणि त्यातूनच मज्जासंस्थेला अडवणारे खरे विष तयार होते. भेसळीच्या दारूतील मिथेनॉल हेही याच पठडीतले, फक्त विकर वेगळे. मिथेनॉल स्वतः थोडीशी नशा आणण्यापलीकडे फारसे काही करत नाही. यकृतातले विकर त्याचे फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतात, आणि ते आम्ल पुन्हा आपल्या त्याच शेवटच्या विकराला, सायटोक्रोम ऑक्सिडेजला, अडवते. डोळ्यांच्या नसा सर्वांत आधी जातात. हे आम्ल पुढे जाळून टाकण्यात माणूस आणि माकडे मंद आहेत. उंदीर ते झपाट्याने संपवतो, म्हणून उंदरावर मिथेनॉलची परीक्षा घेऊन माणसाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. उपचाराचे तत्त्वही त्यातूनच निघते: रुग्णालयात फोमेपिझोल किंवा मोजलेले इथेनॉल देऊन पहिल्याच विकराला गुंतवून ठेवायचे, म्हणजे मिथेनॉल तसेच हळूहळू बाहेर पडते. थोडक्यात, येथे ऑक्सिडीकरण रोखणे हाच इलाज आहे.

उरला चौथा घोटाळा, वाटेत सांडणारे इलेक्ट्रॉन. सायटोक्रोम ऑक्सिडेज ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन दिल्याशिवाय सोडत नाही, आणि म्हणून त्याच्या हातून सरळ पाणी तयार होते. वाटेत कुठे एकच इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हाती लागला, तर सुपरऑक्साइड नावाचा अर्धवट, तिखट रेणू तयार होतो आणि तो मेदाम्ले, प्रथिने, डीएनए यांवर घसरतो. पेशीत हे थोडे थोडे रोज होते आणि त्यासाठी पहारेकरी विकर आहेत. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडला हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बदलणारा विकर ओळखला. पुढचे काम कॅटलेज करतो. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर जो फेस येतो तो त्याचाच. तिसरा पहारेकरी ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, आणि त्याला सेलेनियम लागते. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडलेल्या वासरांचे, कोकरांचे स्नायू पांढरे पडून निकामी होतात, हे पशुवैद्यांना चांगले माहीत आहे.

यावरून 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाची जी बाजारपेठ उभी राहिली, तिच्याविषयी मी थोडा साशंक आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन देऊन पाहिले गेले, आणि १९९४ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. आवळा, हळद, हिरव्या भाज्या खाव्यातच, पण त्यांच्यातील एखादे संयुग वेगळे काढून गोळीत भरले की ते पेशीत नेमके कुठे जाते आणि कोणत्या पायरीवर बसते, हा प्रश्न उरतोच.

सुपरऑक्साइडचे सर्वांत भीषण रूप पॅराक्वाट या तणनाशकात दिसते. झाडात ते प्रकाशसंश्लेषणातले इलेक्ट्रॉन चोरते. प्राण्याच्या पेशीत ते विकरांकडून एक इलेक्ट्रॉन घेते, ऑक्सिजनला देते, रिकामे होऊन पुन्हा दुसरा घ्यायला परत येते आणि हे चक्र न थांबता चालते. घोटभर द्रावणातही असे असंख्य फेरे मारण्याइतके रेणू असतात. फुप्फुसातील पेशी त्याला एका नैसर्गिक संयुगासारखे समजून आत ओढून घेतात, आणि तिथे ऑक्सिजनही सर्वांत जास्त. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलत असतो, आणि दिवसेंदिवस त्याची फुप्फुसे आतून राठ होत जातात. कार्बन मोनॉक्साइडने बेशुद्ध झालेल्या माणसाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला की तो वाचू शकतो, आणि किराळीच्या जातीच्या सायनाइडबाधेतही माणसाला उताऱ्याबरोबर ऑक्सिजन देतात. पॅराक्वाट घेतलेल्या रुग्णाला धाप लागलेली दिसत असूनही डॉक्टर ऑक्सिजन हात राखून, अगदी नाइलाज झाल्यावरच देतात. बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना हे निर्दयपणाचे वाटते; आत मात्र दिलेल्या प्रत्येक श्वासातला जास्तीचा ऑक्सिजन त्या चक्राला सरपण पुरवत असतो.